श्वासाची बाजू

चित्रातली मुलगी उजवीकडून श्वास घेत होती. मी डावीकडून घेते. झालं ते एवढंच, पण पोटाशी बांधलेल्या झोळीत बाळाला थोपटणारा माझा हात थांबला, हात थांबला म्हणून तिनं झोपेतच एक नाराज हुंकार दिला, आणि मी पुन्हा थोपटायला लागले तेव्हा ताल चुकलेला होता. पोहताना चेहरा पाण्यात असतो. हात मारता मारता मान एका बाजूला वळवायची, तोंडाचा कोपरा पाण्याबाहेर काढायचा, हवा ओढायची, पुन्हा आत. ज्याची त्याची बाजू ठरलेली असते. झोपायची कूस असते तशी, कुणी शिकवत नाही आणि मग कुणाला मोडताही येत नाही. माझी डावी. आणि इथे, निळ्याहिरव्या पाण्यातून लाल टोपीतलं एक डोकं उजवीकडे वळलेलं, एक डोळा पाण्याच्या वर, एक खाली, तोंड अर्धं उघडं, त्या अर्ध्या तोंडाशी पाण्याची पातळ कड आलेली. हनुवटीवर मात्र, अगदी जागच्या जागी, माझी जुन्या जखमेची खूण. खालच्या पाटीवर माझं नाव आणि त्यापुढे, जलतरणपटू.

"जरा मागे सरता का? बाळाचा हात लागेल," मागून आवाज आला. गळ्यातल्या साखळीला चष्मा अडकवलेल्या कला केंद्राच्या बाई होत्या, मला फोन करकरून बोलावणाऱ्या. मी नाव सांगितलं. त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला, चित्राकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, परत चित्राकडे. "अय्या, तुम्हीच होय! किती बारीक होता हो तुम्ही," म्हणाल्या आणि स्वतःच ओशाळून बाळाच्या मोज्यांचं कौतुक करायला लागल्या. मला राग आला नाही. सकाळी आरशासमोर मीही हेच म्हटलं होतं. नवरा मागून म्हणाला, "जा की, तुझं चित्र आहे, तू नाही तर कोण जाणार," आणि मी कपाटातला एकेक कुर्ता अंगावर धरून बघत होते, की यातल्या कुठल्या कुर्त्यात ती आत बसेल, जिचं चित्र आहे ती. बाळ झाल्यापासून हे अंग माझं आहे असं मला कुणी खात्रीनं सांगू शकलेलं नाही. ते दुधाचं आहे, झोपेचं आहे, तिच्या मुठीत सापडलेल्या केसांचं आहे. मी त्यात भाडेकरूसारखी राहते, आवाज न करता.

हे कला केंद्र म्हणजे पूर्वीचा बर्फाचा कारखाना. भिंतींना पांढरा रंग दिलाय, वरून दिवे सोडलेत, पण वितळलेलं पाणी वाहून जावं म्हणून जमिनीला दिलेला उतार तसाच आहे, त्यामुळे इथे उभं राहिलं की माणूस नकळत दालनाच्या मध्याकडे सरकतो. बाळाचा खुळखुळा हातातून पडला तर तो थेट मधल्या जाळीपर्यंत घरंगळत गेला. भिंतींवर सगळे खेळाडू. लेस बांधायला वाकलेला धावपटू, गुडघ्यांवर हात टेकून उभा म्हातारा गोलरक्षक, बाकावर बसल्या बसल्या डोळा लागलेली बॉक्सर. हे कुणीच जिंकताना दिसत नव्हते. हॉस्पिटलात पुन्हा चालायला शिकणाऱ्या मुलांसाठी कोमट पाण्याचा एक हौद बांधायचा आहे, त्यासाठी चित्रकारानं आपली सगळी चित्रं देऊन टाकली आहेत. आणि रीत अशी ठरली आहे की चित्र विकलं गेलं की ते उतरवून मागच्या खोलीत न्यायचं आणि ज्याचं चित्र त्यानं कॅनव्हासच्या मागे, कोऱ्या कापडावर, आपल्या हातानं सही करायची. "सहीशिवाय चित्र दाराबाहेर जात नाही हं," बाई अभिमानानं म्हणाल्या. "कल्पना माझीच." 

माझ्या चित्राच्या कोपऱ्यावर विक्रीची पिवळी टिकली लागलेलीच होती.

त्या टिकलीवरून माझी नजर पुन्हा चित्राकडे गेली. आणि आता मला दिसत होतं. ती मान. मान वळवताना खांदा कानाला लागतो न लागतो तेवढा उचलणं, जणू कुणी हळू बोलतंय आणि ऐकायचंय. मी तसं कधी केलं नाही. मी मान झटकायचे, आमचे सर म्हणायचे, माशी बसल्यासारखी. ही मान ताईची आहे. हे मी जगात कुणाहीपेक्षा जास्त खात्रीनं सांगू शकते, कारण लहानपणीच्या रविवारी सकाळी आम्ही शेजारच्या पट्ट्यांतून पोहायचो, ती डावीकडच्या, मी उजवीकडच्या. जाताना तिचा श्वास माझ्या बाजूला, माझा तिच्या बाजूला. प्रत्येक श्वासाला पाणी दुभंगायचं आणि समोर ताईचं तोंड. तेवढ्यात हसायचं नाही, हसलं की पाणी नाकात. ती मुद्दाम डोळा मारायची. मग भिंत यायची, आम्ही वळायचो, आणि येताना त्याच त्या श्वासांनी आमची तोंडं एकमेकींपासून फिरलेली असायची. ती तिकडच्या पायऱ्या बघायची, मी इकडचा कठडा. येतानाची फेरी मला नेहमी लांब वाटायची.

पण रविवार सोडला तर आम्ही एकत्र नसायचो. संध्याकाळी बाबांच्या सायकल दुरुस्तीच्या दुकानात एकीला बसावं लागे, म्हणून एक दिवस ती तलावावर, एक दिवस मी. पोहायचा चांगला पोशाख एकच होता आणि लाल टोपी एकच. घट्ट होती, घालताना केस ओढले जायचे, काढल्यावर कपाळावर लाल वळ राहायचा. दुकानातल्या दोरीवर, ट्यूबांच्या शेजारी ती वाळत असायची, आणि माझी पाळी आली की मी ती उलटी करून बघायचे. आत ताईचा एखादा केस असायचा. तो काढून टाकायचा माझा धीर व्हायचा नाही. तसाच ठेवून टोपी चढवायचे, आणि पाण्यात पडल्यावर वाटायचं, आज डोक्यात दोघी आहेत.

"कोणता दिवस आज?" कुणीतरी विचारलं. चित्रकार होता. काठी, जाड भिंगं, दाढीत हिरव्या रंगाचा एक ठिपका. 

"काका, मी ती..." 

"ओळखलं. हनुवटीवरून." त्यानं काठी उचलून हवेतच माझ्या हनुवटीवर एक बारीक रेघ मारली. "आज भांडायचा दिवस की ऐकायचा?"

मला कळेना. तो बाकावर टेकला, मलाही बसवलं. "सबंध हिवाळा तलावाच्या गॅलरीत बसून तुला रेखाटलं मी. विचित्र मुलगी होतीस. एक दिवस यायचीस ती पाण्याशी भांडायला. काय ते हातपाय, काय ते पाणी उडवणं, माझे कागद भिजायचे. आणि दुसऱ्या दिवशी यायचीस ती अशी, की पाणी काहीतरी सांगतंय आणि तू ऐकतेयस. मी बायकोला म्हणायचो, या पोरीच्या लहरीचं काही खरं नाही. ती म्हणायची, घरी कुणी ओरडत असेल." तो हसला. "शेवटी ऐकणारीच काढली. भांडणारी हातात सापडली नाही."

मी हसले. हसताना बाळ पोटावर वरखाली झालं. त्या टोपीखाली दोन मुली आहेत हे त्याला कळलं नव्हतं. कसं कळणार? पाण्यात माणसाचं राहतं काय, टोपी आणि तोंडाचा कोपरा. त्यानं ताईची मान घेतली आणि माझी खूण घेतली आणि एक मुलगी केली, जी कधीच पोहली नाही. सांगावं असं ओठांवर आलं. पण सांगायचं म्हणजे ताईचा कान सांगायला हवा होता, आणि तो मी कधी कुणाला सांगितलेला नाही.

त्याच हिवाळ्याच्या शेवटी ताईचा उजवा कान फुटला. आधी नुसता ठणका होता, ती बोलली नाही, निवडीच्या स्पर्धा तोंडावर होत्या. मग उशीला डाग दिसला. डॉक्टरांनी पाणी बंद सांगितलं, कायमचं. दुकानात येऊन तिनं दोरीवरची टोपी काढली, उलटी केली, आतला केस काढून टाकला आणि माझ्या हातात दिली. "आता रोज तुझीच," म्हणाली. रडली नाही. तेव्हापासून रोज संध्याकाळी दुकानात तीच बसली, पंक्चर काढायला शिकली, बाबांपेक्षा सफाईनं काढायला लागली. मी पोहत राहिले, जिंकत राहिले, घरात पेले येत राहिले आणि ती ते पुसून लखलखीत करून फळीवर मांडत राहिली. तलावावर मात्र एकदाही आली नाही. आमच्याकडे कॅमेरा नव्हता. ती स्पर्धांच्या आधीच थांबली. त्यामुळे ताई पोहायची याचा कुठे काही पुरावा नाही. लग्न होऊन दूर गेल्यावर तर ती स्वतःच सांगायला लागली, "पोहायची ही. मी आपली डुंबायचे." मी ऐकलंय तिला असं म्हणताना, तिच्या सासरच्या माणसांत, चहाचे कप गोळा करता करता, इतक्या सहज की क्षणभर माझाही विश्वास बसला. आता फोनवर आम्ही तापाबद्दल बोलतो, शीबद्दल बोलतो, लसीबद्दल बोलतो. बाळाला तिनं अजून मांडीवर घेतलेलं नाही. बाळाचे पाय बघून तिकडूनच नाव ठेवलंय, बेडकी.

"या आमच्या चित्रातल्या सौंदर्यवती!" केंद्राच्या बाई एका उंच बाईंना घेऊन आल्या. चित्र त्यांनी घेतलं होतं. दातांच्या डॉक्टर होत्या. "दवाखान्यात लावणार आहे, खुर्चीच्या अगदी समोर," त्या म्हणाल्या. "पेशंट तोंडच उघडत नाहीत हो. आता दाखवीन, बघा, एवढं, एवढं उघडा." सगळे हसले, चित्रकारही. मग त्या माझ्याकडे वळून जरा हळू म्हणाल्या, "खरं सांगू? बघितलं आणि मला स्वतःचाच श्वास ऐकू आला. म्हणून घेतलं." दोघा जणांनी चित्र उतरवलं. भिंतीवर त्या जागी दोन खिळे राहिले. केंद्राच्या बाईंनी माझ्या हातात काळं जाड पेन दिलं, आणि नेमकी त्याच वेळी बेडकी जागी झाली आणि तिनं अशी आरोळी ठोकली की बॉक्सरनंसुद्धा डोळे उघडले असते.

मागची खोली म्हणजे बर्फ साठवायची जागा. दार हातभर जाड. आत फ्रेमच्या पट्ट्या, सुतळीचं बंडल, हातोडी, बिस्किटांचा उघडा पुडा. "इथे बसा निवांत, कुणी येणार नाही. झालं की सही तेवढी करा," म्हणून बाईंनी दार लोटलं आणि दालनातली सगळी कुजबुज एकदम कापली गेली, कान पाण्याखाली गेल्यावर जाते तशी. चित्र भिंतीला टेकून उभं होतं, तोंड भिंतीकडे. पाठ माझ्याकडे. साधं कापड, लाकडी चौकट, कोपऱ्यात ठोकलेल्या बारीक चुका. पुढच्या बाजूचा थोडा हिरवा रंग एका ठिकाणी कापडातून झिरपून आला होता. मी बाळाला पाजायला घेतलं आणि त्या कोऱ्या पाठीकडे बघत बसले. इथे माझं नाव पडलं की संपलं. ही मान माझी होईल. दवाखान्याच्या भिंतीवर ती कायम माझी म्हणून राहील, अनोळखी माणसं भुलीचं इंजेक्शन घेता घेता तिच्याकडे बघतील, आणि ताई खरोखरच आयुष्यभर नुसती डुंबलेली असेल. आणि नाही केली सही, तर चित्र जाणार नाही, हौदाच्या एका भिंतीएवढे पैसे कमी. बाळ घटाघट पीत होतं. मधूनच तोंड सोडून, मान जराशी फिरवून, ओठांचा कोपरा उघडून हवा ओढत होतं, पुन्हा आत. दूध गालावरून ओघळत होतं. मी कितीतरी वेळ ते नुसतं बघत राहिले. मग एका हातानं फोन काढला, चौकटीला टेकवून उभा केला आणि ताईला लावला.

"ताप आलाय का?" चेहरा दिसायच्या आधी तिचा आवाज आला.

"नाही गं."

"मग दात?"

"दात पण नाही. ताई, जरा बघ, काय दाखवते." मी बाळासकट पुढे सरकले, फोन हातात घेतला आणि चौकट खांद्यानं रेटून चित्र आपल्याकडे फिरवलं. फोन त्याच्यासमोर धरला.

तिकडून धुण्याच्या मशीनचा आवाज येत होता, पाणी गरगर फिरतंय असा. मग ताई म्हणाली, "टोपी."

"हो."

"छान काढलीय गं तुला."

"मला नाही. तू आहेस ती."

"चल! हनुवटी बघ. कठड्यावर आपटून फोडून घेतलीस तू आणि बोलणी मी खाल्ली."

"मान बघ. मी कधी उजवीकडे वळलेय का?"

"काय? ऐकू येत नाही, या मशीननं... थांब, या कानानं ऐकते," म्हणून तिनं डावा कान फोनकडे पुढे केला. तो पुढे आला तशी तिची मान उजवीकडे वळली. खांदा किंचित उचलला गेला. ऐकताना तोंड अर्धं उघडं राहिलं. फोनमध्ये ती आणि फोनच्या मागे ती. केस विरळ झालेले, डोळ्यांखाली काळं, हातात अर्धवट घडी घातलेला टॉवेल, आणि मान तीच. इतकी वर्षं ती अशीच ऐकत आली असणार, भाजीवाल्याचं, नवऱ्याचं, माझ्या बाळाच्या तापाचं. पाणी बंद झालं आणि मान तेवढी पोहत राहिली.

मी तिला चित्रकाराचं बोलणं सांगितलं. एक दिवस भांडणारी, एक दिवस ऐकणारी. घरी कुणी ओरडत असेल हेही सांगितलं. ती खो खो हसली. "भांडणारी तू."

"मीच."

"आणि त्यानं काढली कुठली?"

"ऐकणारी."

तिकडचं मशीन थांबलं. अचानक इतकं शांत झालं की बाळानंही तोंड सोडून फोनकडे बघितलं. ताईनं टॉवेलची घडी पुरी केली, मोडली, परत घातली. "मला वाटायचं," ती म्हणाली, "तलावावर कुणी बघतच नव्हतं. मी असतानाचं."

"मी बघायचे."

"तू फक्त जाताना बघायचीस. येताना कुठे?" 

"येताना तूही नाही."

"नाही," ती म्हणाली. "येताना पायऱ्याच दिसायच्या." मग टॉवेलनंच नाक पुसून, नेहमीच्या मोठ्या बहिणीच्या आवाजात, "बरं, मग माझं काय काम आहे?"

"मागे सही करायचीय. ज्याचं चित्र त्यानं."

"मग कर. शाळेत प्रगतिपुस्तकावर बाबांची सही कोण ठोकायचं?"

"तुझी करू?"

तिनं टॉवेल खांद्यावर टाकला. तिच्या मागून कुणीतरी गेलं, तिचा नवरा असावा. जाता जाता वाकून बघत त्यानं विचारलं, "कोण आहे गं ही पोहतेय ती?"

मला वाटलं, आता म्हणेल, माझी बहीण. मी आपली डुंबायचे. ताईनं चित्राकडे बघितलं. पुन्हा डोळे बारीक करून बघितलं.

"मी," ती म्हणाली. "हनुवटी तेवढी हिची."

मी चित्र परत भिंतीकडे तोंड करून टेकवलं. बाळाला खांद्यावर टाकलं, पेनाचं टोपण दातांनी काढलं. ताई तिकडून सूचना देत होती, वेलांटी मोठी काढ, लफ्फा मार, भ्यायल्यासारखं नको लिहू. कापडावर पेन अडखळत होतं. तिचं नाव लिहून झालं, मग त्याच्या खाली थोडी जागा सोडून मी माझं लिहिलं. दोन ओळींच्या मध्ये ती हिरव्या रंगाची झिरपलेली जागा राहिली. दार ढकलून केंद्राच्या बाई आल्या, मागून काठी टेकत चित्रकार. बाईंनी चष्मा चढवला. "हे काय? एका चित्राला दोन सह्या? असं चालत नाही हो, आपली रीत..."

"दोघी होत्या, काका," मी चित्रकाराला म्हटलं. "एक दिवस आड. टोपी एकच होती."

तो वाकला, भिंगं जवळजवळ कापडाला टेकवून दोन्ही नावं वाचली. "तरीच," म्हणाला. मग सरळ होत, "नाही. तरीच नाही. मला कळलं नव्हतं." आणि फोनमधल्या ताईकडे बघून त्यानं, आपण कुणाला तरी उशिरा भेटतोय अशा अदबीनं, मान लववली. "मग ऐकणाऱ्या तुम्ही." बाईंनी एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा पेनाकडे, आणि चष्मा साखळीवर सोडून दिला.

चित्र बाहेर गेलं. खोलीत गारवा राहिला आणि फोनमध्ये ताई. तिनं कपडे बाजूला सारले होते. बेडकी माझ्या खांद्यावरून उतरून पुन्हा दूध शोधायला लागली. तिला घेतलं तसं तिनं घटाघट चार घोट घेतले, तोंड सोडलं, हवा ओढली.

"हिची बाजू कोणती गं?" ताईनं विचारलं, मान वळवून, कान पुढे करून.

फोन माझ्या डाव्या हाताला होता. मीही मान वळवली, आणि जातानासारखी आमची तोंडं एकमेकींसमोर आली. 

"अजून ठरायचीय," मी म्हटलं. "येऊन बघ."